ॲनी मूरचा माग

आज एका आयरिश मुलीची हकिगत सांगते. ॲनी मूर, आयर्लंडमधल्या कॉर्क भागातली. आईवडील पोटासाठी आधीच अमेरिकेत गेले होते. दोन धाकट्या भावांना घेऊन ॲनी बोटीने न्यूयॉर्कला पोचली. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची नोंद करणारं नवं केंद्र उघडलं. त्या वहीत पहिलं नाव लागलं ॲनीचं. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणंही मिळालं.

पुढे तिचं काय झालं? टेक्सासमधली एक ॲनी मूर म्हणजेच ती, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले. वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक यांनी जुने कागद तपासले, तर ती बाई अमेरिकेतच जन्मलेली निघाली! शेवटी धाकट्या भावाच्या, फिलिपच्या, नागरिकत्वाच्या कागदावरून धागा लागला आणि २००६ साली खरी ॲनी सापडली.

ती न्यूयॉर्कमध्येच राहिली होती. लग्नानंतर तिचं आडनाव शायर झालं. बरीच मुलं झाली, काही लहानपणीच गेली. १९२४ साली ती वारली. कबरीवर नावाचा दगड बसला तो थेट २००८ साली.

बघा, भावाचं आडनाव टिकलं, बहिणीचं बदललं, म्हणून तिचा माग हरवला. आपल्या आजीचं, पणजीचं माहेरचं नाव नि गाव घरात कुणाला ठाऊक आहे? सांगणारं माणूस आहे तोवर विचारून वहीत लिहून ठेवा.