जलपरीकथा : काळोखी पुनर्कथने

हान्स क्रिस्तियन अँडरसन (१८०५–१८७५) या डॅनिश लेखकाची ‘छोटी जलपरी’ ७ एप्रिल १८३७ रोजी कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून अलीकडे प्रौढ आणि किशोर वाचकांसाठी जी प्रेमप्रधान, रक्तरंजित आणि भयावह रूपांतरे झाली आहेत, त्यांना पुस्तकांच्या बाजारात ‘डार्क फॅन्टसी रोमान्स’ या नावाखाली किंवा त्याच्या आसपास जागा मिळते. ॲलेक्झांड्रा क्रिस्टो यांची ‘टू किल अ किंगडम’ (२०१८), लुईज ओनील यांची ‘द सरफेस ब्रेक्स’ (२०१८), कॅसँड्रा खॉ यांची ‘द सॉल्ट ग्रोज हेवी’ (२०२३) आणि अग्न्येष्का स्मोचिन्स्का यांचा ‘द लूर’ या इंग्रजी नावाने गाजलेला पोलिश चित्रपट (२०१५) ही यांतली ठळक नावे. डिस्नीने १९८९ मध्ये साखरेत घोळवलेली कथा ही रूपांतरे पुन्हा मूळ अँडरसनपाशी नेतात, असे त्यांच्याविषयी सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. रक्त आणि वेदना यांपुरती ती अँडरसनकडे जातात. कथेच्या गाभ्यापुरते पाहिले, तर बहुतेक रूपांतरे अँडरसनला वळसा घालून त्याच्याही मागे, फ्रीडरिख द ला मोट फूके या जर्मन लेखकाच्या ‘ऊंडीन’ (१८११) या कथेपाशी पोहोचतात. आणि तिचे सूत्र तर अँडरसनने जाणूनबुजून नाकारले होते.

काळोखाचा प्रश्न आधी निकालात काढलेला बरा, कारण तो सोपा आहे. राजपुत्रावरील प्रेमापायी आणि अमर आत्म्यासाठी माणूस होऊ पाहणारी अँडरसनची जलपरी ज्या चेटकिणीकडे जाते, तिचे घर बुडालेल्या माणसांच्या हाडांचे आहे. वाटेतल्या जिवंत वेलींनी एका लहान जलपरीला गळा आवळून मारले आहे आणि तिचा देह अजून तिथेच आहे. पाय देणारे औषध उकळताना चेटकीण स्वतःची छाती ओरबाडून काळे रक्त कढईत टाकते आणि मोबदला म्हणून नायिकेची जीभ कापून घेते. पाय मिळाल्यावर प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर पडल्यासारखे दुखते, आणि त्याच पायांनी ती राजपुत्रासमोर नाचते. तो तिला लाडाने वागवतो, पण झोपायची मुभा देतो ती आपल्या दाराबाहेर, एका उशीवर. शेवटी तो दुसरीशी लग्न करतो, तेव्हा तिला वाचवण्यासाठी बहिणी आपले केस चेटकिणीला देऊन सुरी आणतात: पहाटेपूर्वी ही राजपुत्राच्या काळजात खुपस, त्याचे रक्त पायांवर पडले की तुला शेपटी परत मिळेल. मुलांसाठी म्हणून छापलेल्या गोष्टीत एवढे आहे. त्यामुळे आजचा लेखक जेव्हा जीभ कापण्याचा किंवा हाडांचा प्रसंग रंगवतो, तेव्हा तो मुळात भर घालत नसतो. डिस्नीने गाळलेले परत आणत असतो, इतकेच.

खरा फरक शोधायचा तर त्या सुरीचे पुढे काय होते आणि आत्म्याचा प्रश्न कुणाच्या हाती राहतो, या दोन ठिकाणी पाहावे लागते. सोळाव्या शतकातील पॅरासेल्सस या वैद्य-तत्त्वचिंतकाने जलदेवतांवरील आपल्या ग्रंथात (मुद्रित १५६६) असे मांडले होते की या जीवांना आत्मा नसतो, पण माणसाशी लग्न झाल्यास तो लाभतो. फूकेने कथा उभारली ती याच कल्पनेवर. ऊंडीनला हुल्डब्रांड या सरदाराशी लग्न झाल्यामुळे आत्मा मिळतो. पुढे तो तिला दुखावतो, दुसरीशी लग्न करतो, आणि जलकुळाच्या नियमाप्रमाणे ऊंडीनलाच त्याचा प्राण घ्यावा लागतो. ती रडत त्याचे चुंबन घेते आणि तो मरतो. वचन, वचनभंग आणि प्रेमाच्याच हातून शिक्षा असा हा सांगाडा आहे. अँडरसनने तो पुरता ओळखला होता. फेब्रुवारी १८३७ मध्ये कवी इंगेमान यांना लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट केले की अमर आत्मा मिळणे परक्या माणसाच्या प्रेमावर अवलंबून ठेवायला आपण तयार नाही. म्हणूनच त्याच्या राजपुत्राने जलपरीला कसलेच वचन दिलेले नाही. तो अपराधी नाही. बुडताना आपल्याला कुणी वाचवले हेच त्याला ठाऊक नाही. जलपरी सुरी समुद्रात फेकते, फेस होते आणि वायुकन्यांमध्ये सामील होते, जिथे तीनशे वर्षांच्या सत्कृत्यांनी आत्मा स्वतः कमवायचा असतो. राजपुत्राशी लग्न झाले तरच आत्मा मिळेल ही अट अशा रीतीने कथेच्या शेवटी निकामी ठरते.

हा शेवट चिकटवलेला आहे, असा आक्षेप जुना आहे. ‘मेरी पॉपिन्स’च्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांनीही मुलांच्या वागणुकीनुसार वायुकन्यांची ही मुदत कमी-जास्त होते, या कथेतील कलमावर कडक टीका केली होती. ते कलम खरोखरच उपदेशाचे ओझे आहे, त्याचा बचाव करण्याचे कारण नाही. पण वायुकन्यांची कल्पनाच मागाहून जोडली गेली, असे मात्र म्हणता येत नाही, कारण कथेला अँडरसनने आधी योजलेले नावच ‘वायूच्या कन्या’ असे होते. दुसरा आक्षेप चरित्राचा आहे. एडवर्ड कॉलिन या मित्रावर अँडरसनचे उत्कट प्रेम होते, १८३६ मध्ये कॉलिनचे लग्न झाले आणि त्याच सुमारास ही कथा आकाराला आली. तेव्हा ती मुळात प्रेमकथाच ठरते, असे म्हणतात. जलपरीच्या मुकेपणाचा उलगडा यातून चांगला होतो. जे बोलता येत नाही त्याचे दुःख त्या कथेत आहेच. मात्र ज्याला स्वतःला नकार मिळाला, त्याने आपल्या नायिकेची सुटका प्रेमिकाच्या होकारावर टांगून ठेवली नाही, ही गोष्ट चरित्रामुळे उलट अधिकच ठसठशीत होते.

आता रूपांतरे पाहू. संगीतकार ड्वोर्झाक यांची ‘रुसाल्का’ ही ऑपेरा (प्राग, ३१ मार्च १९०१, संहिता यारोस्लाव क्वापिल) या घराण्याची मोठी पूर्वज. तिच्यात अँडरसनचा मुकेपणा आहे आणि सुरीही आहे. रुसाल्का ही जलपरी ती सुरी तळ्यात फेकते. पण राजपुत्र इथे वचनभंग करणारा आहे आणि शेवटी तो तिच्याच चुंबनाने मरतो. म्हणजे सुरी अँडरसनची आणि मरण फूकेचे. क्रिस्टो यांच्या कादंबरीत लीरा ही सागरराणीची मुलगी दर वर्षी एका राजपुत्राचे काळीज काढून जपते. आई शिक्षा म्हणून तिला माणूस बनवते आणि सागरकन्यांची शिकार करणाऱ्या एलियन या राजपुत्राचे काळीज आणायला सांगते. अँडरसनने शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवलेला मोह इथे पहिल्या पानावरचा नित्यक्रम झाला आहे. ही उलथापालथ हुशारीची आहे आणि पुस्तक वाचनीय आहे. पण लीरा बदलते ती एलियनच्या सहवासात, त्याच्यावरील प्रेमामुळे. माणुसकी तिला मिळते ती माणसाशी जुळलेल्या नात्यातून. पॅरासेल्ससचाच नियम, फक्त लग्नाच्या जागी साहसी सफर आली. पुढे ती राणी होते आणि दोन्ही जगांत सलोखा होतो, हेही त्याच तर्काला धरून आहे.

ओनील आणि खॉ यांच्याकडे वचनभंगाचे टोक जास्त धारदार आहे. ‘द सरफेस ब्रेक्स’ आयर्लंडच्या किनाऱ्यावर घडते आणि तिथे सागरराजा असलेला बापच जुलमी आहे. खॉ यांच्या लघुकादंबरीत तर जलपरीची जीभ नवऱ्यानेच कापली आहे आणि तिच्या मुलींनी त्याचे राज्य खाऊन टाकले आहे. अँडरसनच्या नायिकेने सौदा म्हणून दिलेली जीभ इथे अत्याचारात हिरावली जाते, आणि तेवढ्याने कथेचा प्रश्नच बदलतो: ती काय कमावते हे मागे पडून तिच्यावर काय गुदरले हे पुढे येते. अपराधी पुरुष मिळाला की सूड न्याय्य होतो. हा फूकेचाच मार्ग, फक्त अश्रू गेले आणि दात आले. यावर असे म्हणता येईल की अमर आत्मा ही ख्रिस्ती कल्पना आहे, आजच्या वाचकाला ती भिडत नाही, तेव्हा तिच्या जागी स्त्रीचा आवाज आणि तिची मर्जी येणे स्वाभाविक आहे. हे मान्यच करावे लागेल, आणि रूपांतरकाराने मुळाशी इमानी राहावे असा आग्रहही येथे नाही. अडचण इतकीच की ही मर्जी बहुतेक ठिकाणी पुन्हा एका पुरुषाभोवतीच फिरते, मग त्याला जिंकायचे असो वा मारायचे.

या अडचणीतून वाट काढणारे उदाहरण म्हणजे ‘द लूर’. १९८०च्या दशकातील वॉर्सातल्या एका नाइटक्लबमध्ये गाणाऱ्या दोन जलपरी बहिणी, रुपेरी आणि सोनेरी, त्यात आहेत. (जलपरी वॉर्साच्या नगरचिन्हावरच आहे, त्यामुळे ही जागा उगाच निवडलेली वाटत नाही.) रुपेरी एका बास-गिटारवादकासाठी शस्त्रक्रिया करून पाय जोडून घेते आणि आवाज गमावते, तो दुसरीशी लग्न करतो. पहाटेपूर्वी त्याला खाल्ले तर ती वाचेल. ती त्याला खात नाही, फेस होते. आणि त्याचा गळा फोडते ती सोनेरी. अँडरसनचा त्याग आणि फूकेचा सूड एकाच देहात कोंबण्याऐवजी चित्रपट ते दोन बहिणींत वाटून देतो, त्यामुळे दोन्हींची किंमत दिसते. २०१६ च्या सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाला या कुळाची ओळख उर्वशी-पुरूरवा आख्यानातून होऊ शकते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील संवादसूक्तात (१०.९५) आणि शतपथ ब्राह्मणातील कथेत अट मोडल्यावर अप्सरा निघून जाते आणि पुरूरवा वेडापिसा होऊन तिला शोधतो, ब्राह्मणकथेत ती त्याला सरोवरात जलपक्ष्याच्या रूपात भेटते. तिथे झुरणारा पुरुष आहे आणि जलचारिणीला त्याच्याकडून काहीच मिळवायचे नाही. अट आणि अटीचा भंग यांवर उभी असल्याने ही कथा अँडरसनपेक्षा ऊंडीनच्या जवळची आहे. वर्गीकरण करायचे झाल्यास ‘रुसाल्का’, ‘टू किल अ किंगडम’ आणि ‘द सॉल्ट ग्रोज हेवी’ यांची नोंदही ऊंडीनच्या शाखेत करावी. अँडरसनच्या शाखेत निःशंकपणे बसते ती ‘द लूर’मधली रुपेरी, सोनेरी नव्हे.