जळगावची साक्ष



कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ ही तीन नावे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. ही नावे आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत कशी येऊन पोहोचतात, हे समजून घ्यावयाचे असेल तर आपल्याच खानदेशाच्या इतिहासातील एक पान उघडावे लागेल. ते पान दुःखाचे आहे. जुन्या जखमेवरची खपली काढण्यासाठी नव्हे, तर त्यातून शिकण्यासाठी ते वाचावयाचे आहे.

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, शेकडो किलोमीटर दूर असलेले जळगाव पेटले. जळगावात ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४२ मुसलमान व १ हिंदू होता. हे आकडे कोणा पक्षाच्या पत्रकातले नव्हेत, चौकशी आयोगाच्या अहवालातले आहेत. भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींच्या चौकशीसाठी राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला होता.

आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्या. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे आयोग साक्षीदारांना बोलावू शकतो, प्रतिज्ञापत्रे घेऊ शकतो, सरकारी दप्तर मागवू शकतो. परंतु कोणालाही शिक्षा देऊ शकत नाही. त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारकही नसतात. मग त्याचा उपयोग काय? १९७१ च्या दुरुस्तीने असे ठरले की, अहवाल आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली याच्या निवेदनासह, सरकारने तो विधिमंडळापुढे ठेवावा. येथे राजकारणाचा संबंध येतो. आपण मत देऊन ज्यांना निवडून पाठवितो, त्यांनी सभागृहात उभे राहून त्या अहवालाचा जाब विचारावयाचा असतो. मताचे मोल मतदानाच्या दिवशीच संपत नाही, ते असे.

मादन आयोगाचा अहवाल पुढे सादर झाला. जातीय संघटनांच्या कारवायांवर त्याने बोट ठेवले आणि पोलिसांपैकी काहींच्या पक्षपाती वर्तनाचीही गय केली नाही. अहवाल आला म्हणजे न्याय पुरा झाला, असे मात्र कोणी समजू नये. परंतु सत्य काय घडले याची अधिकृत नोंद राहिली, ती पुसता येत नाही. ही नोंद कोणामुळे झाली? ज्यांनी प्रतिज्ञापत्रे लिहून दिली आणि वकिलांच्या उलटतपासणीला तोंड दिले, त्यांच्यामुळे. ते घरी बसून केवळ नशिबाला बोल लावीत राहिले असते, तर न्यायमूर्तींनी तरी काय लिहिले असते?

आता बातमीविषयी. दंगलीच्या दिवसांत बातमीपेक्षा अफवा वेगाने धावते. दोहोंत फरक कसा करावा? वृत्तपत्रावर संपादकाचे, मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापावे लागते. मजकूर खोटा निघाल्यास त्यांना जबाबदार धरता येते. भारतीय पत्र परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद शिक्षा करीत नाही, पण ताशेरे ओढू शकते. अफवेला मात्र नाव नसते, गाव नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी दूरच्या मुलखातून आलेले होते. ती अफवा मोबाईलवरून पसरली होती. १९७० साली मोबाईल नव्हता. परंतु खात्री न करता पुढे सांगण्याची खोड तीच. तेव्हा मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी विचारा : कोणी सांगितले? कोठे, कधी घडले? दुसऱ्या कोणी त्याची खात्री केली आहे काय?

शेवटी न्यायालय. ते संथ चालते, हे खरे. भुसावळच्या खटल्यात १९९४ साली टाडाखाली अटक झालेल्या ११ मुस्लिमांची नाशिकच्या विशेष न्यायालयाने २०१९ च्या फेब्रुवारीत निर्दोष मुक्तता केली. मध्ये पंचवीस वर्षे गेली. तारुण्य परत मिळत नाही. म्हणून आपले हक्क पहिल्या दिवसापासून माहीत हवेत. अटक झालेल्यास कारण कळले पाहिजे, वकील भेटला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे, असे संविधानाचे २२ वे कलम सांगते. फिर्याद देणाऱ्यास तिची नक्कल विनामूल्य मिळते. ऐपत नसेल त्याला वकील मिळावा म्हणून जळगाव व धुळे येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

पालकहो, आपल्या मुलांपैकी एखादा वकील होवो, एखादी वार्ताहर होवो, ही आपली उमेद असणारच. परंतु आधी प्रत्येकाने चांगला साक्षीदार व्हावे : पाहिले तेवढेच सांगणारा, सांगितले ते लिहून देणारा आणि लिहिलेल्यावर ठाम राहणारा. आपला माणूस चुकला असेल, तर तेही सांगणारा. लोकशाहीला अशा साक्षीदारांची गरज आहे, आणि ते आपल्या शाळांतूनच घडावयाचे आहेत.