डुगडुगता पाट

अभ्यंगस्नानासाठी माळ्यावरून पाट काढावा आणि नेमका तेव्हाच त्याचा पाय डुगडुगावा, हा अनुभव बहुतेक घरांना असेल. लहानपणी आमच्या पाटाच्या सांध्यात मी सरस भरभरून ओतला होता. आठ दिवसांत पाय पुन्हा हातात आला! सुतारकाका हसून म्हणाले, "बाळ, सरस लाकडाला धरतो, पोकळीला कोण धरणार?"

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट पाहताना मला ते बोल आठवतात. जुन्या सुताराची सारी भिस्त सांध्यावर असे. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात ठोकून बसवायचे, सैल वाटले तर पाचर मारायची. जनावरांची कातडी-हाडे उकळून केलेला सरस हा केवळ सोबती. वाळताना त्यातले पाणी उडते आणि तो आकसतो. थर जाड असला तर तडकतो.

या फटीची किंमत १९४४ साली वैमानिकांच्या प्राणांनी मोजावी लागली. इंग्रजांची 'मॉस्किटो' विमाने लाकडाची, चिकटवून जोडलेली. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिंदुस्थानात काहींचे पंख हवेतच मोडले आणि विमाने जमिनीवर ठेवावी लागली. प्रथम ठपका आला आपल्या पावसाळी हवेवर. पुढच्या चौकशीत मात्र घडणीतले दोष आणि नीट न चिकटलेले सांधे उघडकीस आले.

तोवर फट भरणारे कृत्रिम राळेचे गोंद निघाले होते. ब्रिटिश मानकाने पुढे अशा गोंदांची कसोटीच ठरवली: घट्ट सांध्यासाठी ०.१३ मिलिमीटर, फटीच्या सांध्यासाठी १.३ मिलिमीटर, म्हणजे दहापट जाडीचा थर. १९५९ पासून आपल्याकडे फेव्हिकॉल आले आणि सुताराची सरस तापवण्याची कटकट हळूहळू संपली. पण त्या जातीचा गोंदही पाणी उडूनच वाळतो; त्याला घट्ट सांधाच मानवतो. दोन भाग कालवून लावायच्या इपॉक्सीत उडून जाणारे पाणी नसते. ते फारसे आकसत नाही, म्हणून फट भरते.

हे मुलांना पटवायचे तर लाकडाच्या चार पट्ट्या पुरतात. एक जोडी घट्ट दाबून चिकटवावी. दुसरीच्या दोन्ही टोकांना जाड पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून मधली फट गोंदाने भरावी. पुरती वाळू द्यावी आणि मग ओढून पाहावी.

यंदा पाट डुगडुगला, तर बाटली उघडण्यापूर्वी मुलांना हाक मारा. आधी फट पाहा, लाकडाची कपची तासून बसवा आणि मग गोंद लावा.