वीस शिक्षक हवेत

बुधवार, ६ नोव्हेंबर १९६८. कालच अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान झालंय. तुम्ही सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजच्या एका वर्गात वही उघडून बसला आहात. दार उघडतं. काही कृष्णवर्णीय मुलं आत येऊन सांगतात, आजपासून संप. वर्ग बंद.

बाहेर पडल्यावर ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या मागण्या तुमच्या हाती पडतात. दहा आहेत. सावकाश वाचा. आमच्या इतिहासाचा, आमच्या साहित्याचा स्वतंत्र विभाग हवा. त्याला स्वतःची पदवी हवी. पूर्णवेळ शिक्षकांच्या वीस जागा हव्यात. पुढच्या वर्षी प्रवेश मागणाऱ्या प्रत्येक कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश हवा. आणि जॉर्ज मरे यांना कामावर परत घ्या. मरे इथे इंग्रजी शिकवतात आणि ब्लॅक पँथर पक्षाचे शिक्षणमंत्रीही आहेत. त्यांना नुकतंच निलंबित केलंय. 'पँथर' शब्दापाशी तुम्ही थबकता. तुमच्या मुंबईत हे नाव उचलणारी दलित पँथर उभी राहायला अजून १९७२ उजाडायचंय.

या मुलांना दंगेखोर म्हणणाऱ्यांनी तो कागद वाचलाच नसावा. त्यात मागितलंय ते शिक्षणच.

थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या विद्यार्थी आघाडीच्या आणखी पाच मागण्या येऊन मिळतात. लॅटिनो, चिनी, जपानी, फिलिपिनो मुलं शेजारी उभी राहतात. पोलिसांच्या लाठ्यांनी डोकी फुटतात. कॉलेजचे अध्यक्ष रॉबर्ट स्मिथ राजीनामा देतात आणि त्यांच्या जागी एस. आय. हायाकावा येतात.

२ डिसेंबर. आवाराच्या कडेला लाउडस्पीकर लावलेला ट्रक उभा आहे. लोकरी टोपी घातलेले हायाकावा त्यावर चढतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत वायरी उपटतात. आवाज बंद. या माणसाने हयात शब्दार्थांच्या अभ्यासात घालवली आहे. समोरच्यांचे शब्द ऐकून घेणं त्यांना खरंच इतकं जड का जावं?

२३ जानेवारी १९६९. सभेला बंदी आहे, तरी सभा भरते. पोलीस चारी बाजूंनी वेढा घालतात, बाहेर पडायला वाट राहत नाही. त्या दिवशी चारशेहून अधिक जणांना अटक होते. गाडीत तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या मांडीवर पुस्तकं आहेत. तिचं हे वर्ष बुडणार, हे तिला ठाऊक आहे.

मार्चमध्ये, जवळजवळ पाच महिन्यांनी, तडजोड होते. त्याच वर्षी शरद ऋतूत वांशिक अभ्यासाचं स्वतंत्र विद्यालय सुरू होतं आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा विभागही असतो. आता त्याच्या वर्गात जाऊन बसा. वही उघडा. ज्यांनी या विभागाचा आराखडा आखला ते नेथन हेअर मात्र तुम्हाला शिकवायला नसतील. कॉलेजने त्यांना ठेवलं नाही. मरे यांनाही परत घेतलं नाही.