ऑस्ट्रेलियातील सरकारी खर्चाची प्रसूती रजा

नोकरदार स्त्रीला प्रसूतीच्या काळात वेतन मिळावे, याविषयी आता फारसे दुमत नाही. ते कोणी द्यावे, या प्रश्नावर मात्र ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ वाद चालला. तेथे सरकारी खर्चाची सवेतन पालकत्व रजा १ जानेवारी २०११ रोजी लागू झाली.

केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रियांना १९७३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची सवेतन रजा मिळाली होती. इतरांना १९७९ पासून ५२ आठवड्यांच्या रजेचा हक्क मिळाला, पण ती रजा बिनपगारी होती. खासगी क्षेत्रात वेतन मिळणे हे मालकाच्या मर्जीवर किंवा कामगार संघटनेशी झालेल्या करारावर अवलंबून राहिले. लिंगभेद प्रतिबंधक आयुक्त प्रू गोवर्ड यांनी २००२ मध्ये सरकारी खर्चाने १४ आठवड्यांची रजा सुचवली. हॉवर्ड सरकारने ती सूचना बाजूला ठेवून २००४ पासून प्रत्येक जन्मामागे ३,००० डॉलरचे अनुदान सुरू केले. अखेर उत्पादकता आयोगाच्या शिफारशीनुसार रड सरकारने २००९ मध्ये योजना जाहीर केली आणि जून २०१० मध्ये संसदेने कायदा संमत केला.

योजनेनुसार १८ आठवडे राष्ट्रीय किमान वेतनाच्या दराने रक्कम मिळू लागली. प्रसूतीपूर्वीच्या १३ महिन्यांपैकी दहा महिन्यांत किमान ३३० तासांचे काम, म्हणजे आठवड्याला सुमारे एक दिवस, पुरेसे होते. त्यामुळे हंगामी कामगार आणि स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियाही पात्र ठरल्या. दर सर्वांना सारखाच असल्याने बँकेतील अधिकारी स्त्रीला पगाराचा काही भागच मिळे, तर दुकानात अर्धवेळ काम करणारीच्या हाती नेहमीच्या मजुरीपेक्षाही अधिक रक्कम पडे. योजनेचे खरे मोल येथेच होते. पैसा सरकारचा असला तरी तो बहुधा मालकामार्फत पगारासारखा दिला जाई. या हिशेबाच्या कामाबद्दल लहान व्यावसायिकांनी कुरकुर केली.

खर्च मालकावर टाकल्यास तरुण स्त्रियांना नोकरी देताना हात आखडला जाईल, हा सरकारी निधीच्या बाजूचा प्रमुख युक्तिवाद होता. भारताला हा वाद नवा नाही. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्याने हा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असे मत मांडले होते. १९२९ च्या कायद्याने मात्र तो कारखानदारांवरच ठेवला. राज्य विमा योजनेतील कामगारांना लाभ विमा निधीतून मिळतो. इतर आस्थापनांत २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवडे झाली, तेव्हाही वेतनाचा खर्च मालकाकडेच राहिला.

ऑस्ट्रेलियात २०१३ पासून पित्यांना दोन आठवड्यांचे स्वतंत्र वेतन मिळू लागले. २०२३ मध्ये दोन्ही एकत्र करून २० आठवड्यांची सामायिक रजा झाली. ती जुलै २०२५ पासून २४ आठवडे करण्यात आली आणि जुलै २०२६ पासून २६ आठवड्यांची तरतूद कायद्यात आहे. जुलै २०२५ नंतरच्या जन्मांसाठी या रकमेवर निवृत्ती निधीतील अंशदानही सरकारच भरते.