व्यापारचिन्ह : सॉफ्टवेअरच्या नावांतील सामान्य शब्द

सर्वांच्या तोंडी असलेला शब्द सॉफ्टवेअरचे नाव म्हणून एकाच व्यापाऱ्याच्या हवाली करता येतो काय, याचा निवाडा भारतात १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आलेल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये होतो. शब्द किती रुळलेला आहे यापेक्षा, ज्या मालावर तो लावावयाचा त्या मालाचे तो वर्णन करतो की काय, हे निबंधक प्रथम पाहतो. तसे वर्णन होत असल्यास कलम ९ ची हरकत येते, मात्र अर्जापूर्वीच्या वापराने त्या शब्दास स्वतंत्र ओळख लाभल्याचे शाबीत झाल्यास ती उरत नाही. हैदराबादच्या अर्जदाराने जेथे अर्ज करावयाचा ते निबंधकाचे दप्तर चेन्नईला असते.

हैदराबादेत १९८७ साली स्थापन झालेल्या ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’चे नाव येथे उद्‌बोधक ठरते. मंगल कार्यालयापासून चित्रपटगृहापर्यंत कोणत्याही पाटीवर सहज चढणारा हा शब्द संगणकाविषयी काहीच सांगत नसल्यामुळे त्या धंद्यात चिन्ह म्हणून चालण्याजोगा होता. परंतु नोंदणीने मिळतो तो ठरावीक मालापुरता मक्ता, आणि इतर धंद्यांतील ‘सत्यम’ना त्याने सहसा बाध येत नाही. ‘सत्यम कॉम्प्युटर’च्या ‘सत्यम इन्फोवे’ या उपकंपनीने आपल्याच नावातील अक्षरे जुळवून ‘सिफी’ हा नवा शब्द घडविला. पुढे दुसऱ्या एका कंपनीने त्यात एका ‘एफ’ची भर घालून नाव व संकेतस्थळ थाटले, तेव्हा बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने दिलेला आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने उठविलेला मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २००४ रोजी कायम केला. पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांतून आपले नाव सिद्ध झाले, हा प्रतिवादीचा खुलासा (कल्पकतेची दाद द्यावी असाच!) न्यायालयास विश्वसनीय वाटला नाही.

जेथे शब्द सेवेचेच वर्णन करतो तेथे वाट इतकी सरळ नाही. ‘नौकरी डॉट कॉम’ला दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका अक्षराच्या फरकाने तेच नाव लावणाऱ्याविरुद्ध संरक्षण दिले, विवाह जुळविणाऱ्या ‘शादी डॉट कॉम’ला मात्र मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, प्रतिस्पर्ध्याच्या नावात ‘शादी’ असूनही, मनाई हुकूम नाकारला. पहिल्या प्रकरणात प्रतिवादीचा अप्रामाणिक हेतू उघड होता, हे ध्यानी घेतले तरच या निकालांचा मेळ बसतो. आणि आमच्या मते दुसराच अधिक सुरक्षित आहे.

ज्या मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये हैदराबादेत विकासकेंद्र उघडले, तिच्या ‘विंडोज’लाही अमेरिकी व्यापारचिन्ह कार्यालयाने १९९३ मध्ये नकार देऊन १९९५ मध्ये नोंद दिली, तरीही ‘लिंडोज’ असे मिळतेजुळते नाव लावणाऱ्या कंपनीशी चाललेला दावा तिने २००४ मध्ये दोन कोटी डॉलर मोजून आपसांत मिटविला.

२००९ च्या ताळेबंद-घोटाळ्यानंतर ‘सत्यम’चे ‘महिंद्र सत्यम’ झाले व २०१३ मध्ये ती टेक महिंद्रात विलीन झाली. नाव असे वापराबाहेर गेल्यास त्याची नोंद टिकेलच असे नाही: नोंदणीनंतर सलग पाच वर्षे सद्‌भावपूर्वक न वापरलेले चिन्ह बाधित व्यक्तीच्या अर्जावरून नोंदवहीतून खोडण्याची तरतूद कलम ४७ मध्ये आहे.