तांबड्या पेशींचे आकारमान आणि मुंबईतील गर्भिणींचा पांडुरोग

'पांडुरोग' ही संज्ञा कांतीच्या रंगावरून पडली. 'ॲनिमिया' हा मुळातला ग्रीक शब्द रक्ताचा अभाव सांगतो. एका शब्दाची दृष्टी वर्णावर, दुसऱ्याची राशीवर. या एकाच नावाखाली भिन्न कारणांचे अनेक विकार नांदत असतील, अशी सूचना मात्र दोहोंपैकी एकाही शब्दात नाही. ती मिळाली पेशींच्या मोजमापातून. आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले.

तांबड्या पेशी अस्थिमज्जेत निर्माण होतात, हे १८६८ मध्ये न्यूमन व बिझोझेरो यांनी दाखविले. मज्जेतील मूळ पेशी विभागत जाते, लहान होत जाते, तिच्यात हिमोग्लोबिन भरत जाते, आणि अखेरीस ती आपले केंद्रक टाकून देते. नुकत्याच रक्तात उतरलेल्या पेशीत सुमारे एक दिवस सूक्ष्म जाळे दिसते. म्हणून तिला जालपेशी म्हणावे. पुढे तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. काही रोग्यांच्या रक्तात व मज्जेत अवाढव्य, अपक्व केंद्रकाच्या पेशी असतात, हे पॉल एर्लिख याने १८८० मध्ये नोंदले व त्यांना 'मेगॅलोब्लास्ट' म्हटले.

केवळ गणनेने हा भेद कळत नाही. मॅक्सवेल विन्ट्रोब याने १९२९ च्या सुमारास रक्तातील पेशीभागाचे प्रमाण आणि पेशीसंख्या यांची सांगड घालून एका पेशीचे सरासरी घनफळ काढण्याची रीत रूढ केली. दोन रोग्यांचा पेशीभाग शेकडा २४ च आहे असे समजू. एकाच्या घन मिलिमीटर रक्तात २० लक्ष पेशी असतील, तर सरासरी घनफळ १२० घन मायक्रॉन येते. दुसऱ्याच्या ३२ लक्ष असतील, तर ७५. प्राकृत मर्यादा साधारण ८० ते १०० ची. दोघेही सारखेच फिके. परंतु पहिल्याच्या मज्जेत केंद्रकाची वाढ अडली आहे, तर दुसऱ्याला बहुधा लोहाची वाण आहे.

ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका १९२८ मध्ये मुंबईस आली, ती मार्गारेट बाल्फर यांच्या मातृमृत्यूविषयक चौकशीच्या निमित्ताने. हाफकिन संस्थेत तिचे काम चाले. गरीब स्त्रियांना गर्भारपणी जडणारा हा पांडुरोग स्थूलपेशीय होता व पुष्कळदा प्राणघातक ठरे. रक्तचित्र घातक पांडुरोगासारखे. पण त्या रोगात आढळणारा मज्जातंतूंचा बिघाड येथे नव्हता. विल्सने जंतूंपेक्षा आहाराकडे लक्ष वळविले. उंदरांवरील प्रयोगांत उवांवाटे पसरणाऱ्या एका संसर्गाने घोटाळा केला; मग माकडांवर प्रयोग झाले. त्यांत यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, गुणकारी ठरला. रुग्णस्त्रियांनाही त्याने गुण आला, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. औषध लागू पडल्याची खूण होती जालपेशींची आठवडाभरात उसळणारी संख्या. एकूण गणना सावकाश मागून येते.

शोधाची खरी कसोटी १९३७ व १९३८ मध्ये लागली. घातक पांडुरोगावर रामबाण ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या रोगावर निष्प्रभ ठरला, ओबडधोबड अर्क मात्र चालला. शुद्ध करताना जे निघून गेले, तेच येथे हवे होते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळालेल्या द्रव्याला लॅटिन 'फोलियम', म्हणजे पान, यावरून फोलिक आम्ल हे नाव मिळाले, आणि १९४५ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार झाले. केंद्रकद्रव्य घडविण्यास ते लागते. ते अपुरे पडले की केंद्रक मागे राहते, हिमोग्लोबिन मात्र भरत जाते, आणि पेशी फुगते. गर्भारपणी त्याची गरज वाढते; उण्या आहारावरील स्त्रीला तेथेच तूट येते.

मोजमापाची ही विद्या तरीही सरळ नाही. १९४८ मध्ये शुद्ध रूपात मिळालेल्या ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी झालेल्या रोगात फोलिक आम्ल दिले, तर गणना सुधारू शकते; मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. शिवाय लोह व फोलिक आम्ल दोन्हींची वाण एकाच स्त्रीला असल्यास लहान व मोठ्या पेशी एकत्र येऊन सरासरी निर्दोष दिसू शकते. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून पेशी डोळ्यांनी पाहाव्या लागतात. यंत्रगणनेच्या काळात पेशींच्या आकारांतील विषमतेचा आकडाही याच कारणासाठी दिला जातो.